खिचडीनंतरची शाळा

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. दाराला फुगे, पहिलीच्या पोरांच्या हातात फुलं, आणि ऑफिसला पाठवायला फोटो. फोटोत दोन पोरं रडतायत, एक फुगा खातंय.

केंद्रप्रमुख दुपारी येऊन गेले. शाळेचा वार्षिक आराखडा महिनाअखेर हवा. म्हणाले, "मॅडम, यंदा तीनच प्राधान्यं लिहायची. क्रमानं. गेल्या वर्षीसारखं नको." गेल्या वर्षी मी अकरा लिहिली होती. वर्षाच्या शेवटी अकरांपुढं "काम सुरू आहे" लिहिलं होतं. त्यांना ते आठवतंय याचं वाईट वाटलं.

तीन. चार वर्ग, तीन शिक्षक, एक गळकी टाकी. निवडा आता.

१९ जून, गुरुवार
काशिनाथ पाटील आले. ग्रामपंचायतीचे सभासद, म्हणून शाळा समितीवरही आहेत. यांची भातशेती होती तिथं आता तीन गोडाऊन उभी आहेत. नातवंडं भिवंडीला इंग्रजी शाळेत जातात, पिवळी बस दारात येते. तरी आमच्या शाळेवर जीव आहे, स्वतः इथंच शिकले.

"मॅडम, ती कोपऱ्यातली खोली रिकामीच हाय ना? तिथं मोठा टीवी लावू. डिजिटल वर्ग. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. वर आमच्या बाबांचा फोटो, बस, बाकी मना काय नको."

मी लगेच हो म्हटलं. रिकामी म्हणजे मोडकी बाकं आणि उंदीर आहेत, ते सांगितलं नाही. चौथीचे कदम सर खूश. म्हणाले, पहिलं प्राधान्य सापडलं, घरपोच. पहिली-दुसरी घेणारी सुजाता म्हणाली, वीज बिल कोण भरणार? कुठल्याही नव्या गोष्टीच्या बारशाला ती हेच विचारते. पण डिजिटल वर्ग लिहिला की ऑफिस खूश असतं, हे तिलाही माहीत आहे.

१) डिजिटल वर्ग. २) वाचन. ३) मुलींच्या संडासाची कडी. (तिसरं ऐकायला बरं वाटत नाही, पण कडी नाहीये.)

२३ जून, सोमवार
कदम सरांना मतदार यादीच्या कामाला नेलं. चौथी माझ्या तिसरीत घालून दोन्ही वर्ग घेतले. सकाळी बरं गेलं. खिचडी झाली, हात धुतले, वर्गात आले तर चौथीच्या मुलींची आसनपट्टी अर्धी रिकामी. मला वाटलं नळावर असतील. थांबले. कुणी येईना.

पोरांना विचारलं तर एकजण सहज म्हणाला, "त्या खिचडीनंतर जातात बाई. रोजच."

रोज? मी या शाळेत पाच वर्षं मुख्याध्यापक आहे.

२४ जून, मंगळवार
आजही तेच. दर्शना, तिच्या मागच्या दोघी, खिडकीजवळची. दप्तर उचलून गेटबाहेर, एकमेकींशी बोलतसुद्धा नाहीत. ड्युटी संपल्यासारख्या.

कदम सरांना फोन केला. "अहो मॅडम, त्या जातातच. हजेरी सकाळी लागलेली असते ना." आवाजात लबाडी नव्हती, तेच जास्त लागलं. चांगला माणूस आहे, जीव तोडून शिकवतो. पण जो आहे त्याला शिकवतो.

गेल्या वर्षी उपस्थिती वाढली म्हणून केंद्रात माझं कौतुक झालं होतं. टाळ्यासुद्धा. हजेरी सकाळी घेतो आम्ही. खिचडीपर्यंत शाळा भरलेली असते. त्यानंतरची शाळा कुणी मोजलीच नाही.

आणि आणखी एक. गेल्या वर्षीचं मोठं काम म्हणजे वाचनाचा तास. जेवणानंतर पोरं पेंगतात, गणित सकाळी घ्या, वाचन दुपारी, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलं होतं. म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यातल्या निम्म्या वाचनाच्या वेळी गेटबाहेर. आम्ही वर्षभर जे शिकायला आलेत त्यांनाच वाचायला शिकवत होतो.

२८ जून, शनिवार
सकाळची शाळा. दर्शना शेवटपर्यंत बसली. सुटताना हाक मारून जवळ बसवलं. मराठीचं पुस्तक उघडलं तर बोटानं अक्षर दाबून धरते, जणू सुटून जाईल. गणित विचारलं तर पटापट, तोंडीच.

"दुपारी का जातेस गं?"

"अंगणवाडी सुटते ना बाई. ओम असतो."

"आज नाही गेलीस?"

"आज शाळा न् अंगणवाडी एकदमच सुटते." माझ्याकडं असं बघितलं की एवढंही कळत नाही का.

अंगणवाडी खिचडीच्या सुमारास बंद. आमची शाळा पाचला. मधले तास या पोरी धाकट्यांना कडेवर घेऊन घरी असतात, आया गोडाऊनमध्ये पॅकिंगला. इतकं सरळ आहे. रोज शाळेच्या भिंतीला लागून चाललंय.

३० जून, सोमवार
वाचनाचा तास सकाळी आणला, परिपाठानंतर लगेच. गणित दुपारी. वेळापत्रक नवीन लिहून भिंतीला लावलं. केंद्रप्रमुखांकडून आराखड्याला मुदत वाढवून घेतली. घरी आले ती हवेतच.

यांना चहा देता देता सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून; आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, आता कान कामातून गेलेत. नारपोलीतल्या आमच्या गल्लीला माझ्या शाळेची सगळी भानगड ठाऊक असते ती यांच्यामुळं. ऐकून घेतलं. बिस्कीट बुडवलं. मग म्हणाले, "म्हणजे आता त्या पोरींचं गणित जाणार."

राग आला. यांना राग आणायची हातोटी आहे. रात्रीची भाजी मुद्दाम कारल्याची केली.

४ जुलै, शुक्रवार
दर्शनाच्या आईला भेटले. सुमन. नवरा गोडाऊनवर माल चढवतो, मूळचे वज्रेश्वरीच्या पलीकडचे. संध्याकाळी ड्युटी सुटताना गेटवर गाठलं. बाई थकून गेली होती, पण मला बघून आधी पदर सारखा केला आणि विचारलं, पोरीनं काय केलं का.

"काही नाही केलं. दुपारी येत नाही, म्हणून..."

"बाई, ती आली तं याला कोन बगल? सासू गावाला हाय. शेजारणीकडं ठेवला व्हता, तं रस्त्यावर गेला, कंटेनरखाली यायचा. माझा जीव थाऱ्यावर न्हाय राहत तिथं." मग जरा थांबून, "पुढल्या साली पाचवी. अंजूरला जाया लागल, रिक्षानं. वाचाया बी येत न्हाय तिला, भाडं कशाला घालू? तवा काय ती जायाची न्हाय. घरीच ठेवीन. इतकी शिकली ते बास."

मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं विचार केला नाही असं थोडंच आहे.

वाचता येत नाही म्हणून पाचवीला पाठवणार नाही. दुपारी नसते म्हणून वाचता येत नाही. एका वर्षात हे फिरवलं तर फिरेल. नाहीतर दर्शना ही शाळा सोडेल आणि मग कुठलीच नाही.

८ जुलै, मंगळवार
दर्शनाला म्हटलं, ओमला घेऊन ये वर्गात, बसू दे. 

घेऊन आली. ओमनं खडू खाल्ला. मग आसनपट्टी ओली केली. मग कदम सर (परत आलेत) भागाकार शिकवत असताना त्यांच्या पायाला मिठी मारून उभा राहिला. पोरं हसून हसून लोळली. कदम सर तसेच शिकवत राहिले, एक पाय जड ठेवून. दर्शना लाजेनं लाल. भागाकार कुणालाच आला नाही, आणि शाळा सुटायच्या आधीच ती ओमला उचलून घरी गेली.

९ जुलै, बुधवार
बातमी फुटली. आज चार धाकटी आली. एक तर कुणाची आहे हेच तासभर कळेना.

सुजाता चिडली आणि तिचं बरोबर आहे. म्हणाली, "मॅडम, टाकीचं झाकण मोडकं आहे. एखादं पडलं तर आराखडा तुम्ही कुठं दाखवणार?" मी स्वतः दगड ठेवला झाकणावर. दुपारी सगळ्यांना परत पाठवलं. दर्शनाही गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि मला ते बघवलं नाही.

११ जुलै, शुक्रवार
दिवसभर एकच विचार. कोपऱ्यातली खोली.

चार भिंती आहेत, खिडकीला गज आहेत, टाकी दुसऱ्या टोकाला. धाकटी तिथं, थोरल्या वर्गात. पण बघणार कोण? अंगणवाडीच्या वैशालीताईंना विचारलं. त्यांना दुपारी घरोघर भेटी, वर मोबाईलवर माहिती भरायची. "मॅडम, मी माणूसच आहे ना," म्हणाल्या. हो. तेही खरंच.

केंद्रप्रमुखांना फोनवर चाचपून बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाळं सांभाळणं हे शाळेचं काम नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार तुम्ही?" वाईट माणूस नाही. त्यांच्याही वर कुणीतरी रकाने घेऊन बसलंय.

आणि पाटील? त्यांना हो म्हणून बसले आहे. फोटोची चौकट करायला टाकली म्हणे.

१५ जुलै, मंगळवार
समितीची सभा. दरवर्षी शाळेत अकराला घेतो. आया येत नाहीत, मग कदम सर सह्या घ्यायला घरोघर फिरतात आणि ठराव एकमतानं मंजूर. या वेळी म्हटलं, सभा गोडाऊनच्या गेटवर, चहाच्या सुट्टीत. कदम सरांना वाटलं मी थट्टा करतेय. रजिस्टर पिशवीत घालून निघाले तेव्हा मुकाट मागून आले, छत्री घेऊन.

वॉचमन आधी आत सोडेना. मग त्याचाच पोरगा दुसरीत निघाला, तर खुर्ची आणून दिली. आया पोत्यांवर बसल्या, मी खुर्चीवर, मला कसंतरीच वाटलं, मग मीही पोत्यावर बसले. पाटील मोटरसायकलवर आले. उभेच राहिले.

मी सांगितलं: खोली एक आहे. टीव्ही लावता येईल किंवा धाकट्यांना बसवता येईल. टीव्हीनं शिकणं सोपं होतं, हेही सांगितलं. खोटं का बोला.

आधी वॉचमनच म्हणाला, "टीवी अच्छा है मॅडम, पर देखेगा कौन? लडकियाँ तो घर पे है." सुमन माझ्याकडं न बघता म्हणाली, "बगायला मानूस नाय म्हनून अडलंय ना? आमची सुट्टी एकदम नसतंय. माझी मंगळवारी, हिची बुधवारी, तिची गुरुवारी. सुट्टीच्या दुपारी एकेकीनं बसाचं."

आठवड्यातून एक सुट्टी मिळते यांना. त्यात धुणं, पाणी, रेशन, डोक्याला तेल. तीच देऊन टाकत होत्या, आणि वर मलाच विचारत होत्या की चालेल ना बाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कदम सरांनी चष्मा पुसायला घेतला, पाऊस नसताना.

सोमवार आणि शुक्रवारला कुणी निघेना. सुट्टी त्या दिवशी कुणाचीच नाही. तिथंच चहा संपला. सह्या, अंगठे घेतले. पाटलांनी सही केली नाही. "मी बघतो," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

१८ जुलै, शुक्रवार
टीव्हीचं खोकं आलं. न विचारता. माझ्या टेबलामागं उभं केलंय, खुर्ची मागं सरकत नाही. पाटलांचा फोन: "मॅडम, पयले हो बोललात ना तुम्ही? गावात सांगून बसलोय मी." बोललेच होते. माफी मागितली. टीव्ही माझ्या वर्गात लावू, फोटोही लावू म्हटलं. "वर्गात नको. खोली बोलली होती," आणि ठेवला.

माणूस दुखावला. कुठल्या तोंडानं भेटू?

२२ जुलै, मंगळवार
शाळा भरताना गेटवर रिक्षा थांबली. नऊवारी, दंडावर गोंदण, सत्तरीच्या पुढची बाई हळूहळू उतरली. काशिनाथ पाटलांची थोरली बहीण. गावात सगळे आक्का म्हणतात, मी पहिल्यांदाच बघितलं.

"मास्तरीन तूच का? आमचा काशिनाथ तुज्यावर रागावलाय. दोन दिस जेवताना तेच. मास्तरणीला टीवी नको, पोरां सांभालाची खोली हवी."

मी समजावायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

"माझी आय भाताच्या लावनीला जायची. मी याला घेऊन घरी. याच शालेच्या मागं आमचं घर होतं, पोरांचे पाढे ऐकू यायचे. याला मी सांभाला, तवा ह्यो शिकला न् सभासद झाला. मी काय झाली?"

मी खुर्ची पुढं केली, टीव्हीच्या खोक्याला अडखळले. त्यांनी खोक्याकडं बघितलं. "हाच का तो? चांगला मोठा हाय." मग खोली दाखव म्हणाल्या. दाखवली. उंदीर बघून म्हणाल्या, आधी मांजर आण. निघताना रिक्षात बसता बसता: "सोमवारी न् शुक्रवारी मी येन. घरी बसून काय करतंय मी, सुनांच्या चुका काढतंय." 

पोत्यांवरच्या सभेत कोणते दोन वार अडले होते हे त्यांना घरी काशिनाथ पाटलांशिवाय कोण सांगणार?

२६ जुलै, शनिवार
खोली रिकामी केली. कदम सर, आया, मोठी पोरं. मोडकी बाकं, जुने नकाशे, मतपेट्यांचं एक रिकामं खोकं. टाकीला नवीन झाकण, कुलपासकट. ते पाटलांच्या माणसानं आणून बसवलं. "साहेबांनी सांगितलं," एवढंच बोलला. सुजातानं झाकणावर उभं राहून बघितलं आणि मग खोलीत चित्रं चिकटवायला गेली. तिच्याकडून हेच प्रमाणपत्र.

यांना सांगितलं. म्हणाले, मग गणित वाचलं. आज भाजी त्यांच्या आवडीची केली.

३१ जुलै, गुरुवार
आराखडा पाठवला. १) दुपारी धाकट्या भावंडांसाठी खोली, म्हणजे थोरल्या मुली दिवसभर वर्गात. २) हजेरी दोनदा, सकाळी आणि खिचडीनंतर. ३) कडी.

दुसरं लिहिताना हात अडखळला. दोनदा हजेरी घेतली की यंदा उपस्थिती कमीच दिसणार. टाळ्या परत जाणार. जाऊ देत.

८ ऑगस्ट, शुक्रवार
आराखडा परत आला. पहिल्या मुद्द्यासमोर लाल शेरा: "शालेय बाब नाही. पुनर्विचार करून फेरसादर करावे." खाली केंद्रप्रमुखांनी पेन्सिलनं बारीक लिहिलंय, डिजिटल वर्ग घाला, विषय संपवा.

काय सोपं आहे. खोकं इथंच आहे, खुर्चीमागं.

कदम सर म्हणाले, "कागदावर टीव्ही लिहू, खोली चालूच ठेवू." वर्षानुवर्षं आम्ही असंच केलंय, आणि चुकीचं वाटलेलं नाही. पण कागदावर नसलं की बदली झाली, नवीन मुख्याध्यापक आला, की पहिल्या आठवड्यात खोलीला कुलूप. दर्शनाच्या मागच्या पोरी पुन्हा गेटबाहेर. मी विचार करते म्हटलं. घाबरलेही आहे, ते लिहायला हरकत नाही इथं.

११ ऑगस्ट, सोमवार
आज खोली सुरू केली. शेरा असताना. आक्का वेळेआधी हजर, सोबत मुरमुऱ्यांची पिशवी. ओमनं मिठी मारायला पाय शोधला, तो आक्कांचा मिळाला. थोड्या वेळानं दारातून डोकावले तर पाच धाकटी भोवती आणि आक्का त्यांना रागवत होत्या, मजेत.

चौथीत मुलींची पट्टी भरलेली. कदम सरांनी भागाकार पहिल्यापासून काढला. 

आराखड्यात पहिला मुद्दा तसाच ठेवून, खाली सभेचा ठराव आणि सगळे अंगठे जोडून, फेरसादर करायला तयार केला. काशिनाथ पाटील संध्याकाळी बहिणीला न्यायला आले. ठरावाचा कागद टेबलावर होता. उभ्या उभ्या वाचला, खिशातलं पेन काढलं आणि सही केली. म्हणाले, "टीवी तुमच्याच वर्गात लावा. फोटो नंतर बघू." मी आराखडा लगेच पाठवून दिला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
केंद्रप्रमुखांचा फोन. उद्या येतायत, बरोबर वरचे साहेब. "खोली तेवढी दोन दिवस बंद ठेवा मॅडम, तुमच्याच भल्यासाठी सांगतो." खरंच भल्यासाठी सांगत होते.

आज सुमनची पाळी होती. तिला हे सांगितलं नाही.

शाळा सुटायच्या आधी आमच्याकडं पाढे होतात, सगळे वर्ग ओसरीत रांगेत. शनिवारी नसतात, फक्त पूर्ण दिवसाच्या शाळेला. काल घाईत झालेच नव्हते. आज घंटा झाली, पोरं पळत आपापल्या जागी गेली, पहिलीतलीसुद्धा. दर्शना दारातच उभी. मी म्हटलं, चल, पाढे. तरी हलेना. मग हळूच म्हणाली,

"बाई, माझी जागा कुठली?"

चार वर्षं या शाळेत आहे. 

चौथीच्या रांगेत पोरांना सरकायला लावलं, तिला मधे उभी केली. घाईत चुकून बारा नव्वे अठ्ठ्याण्णव म्हणाली मोठ्यानं, सगळे हसले, तीही हसली. कोपऱ्यातल्या खोलीतून ओमच्या रडण्याचा आवाज आला तशी तिनं मान वळवली, आणि सुमननं आतून हात केला, तू राहा म्हणून.

खोलीची किल्ली आज घरी आणली आहे. उद्या साहेबांच्या आधी पोचायचं. खोली उघडी ठेवणार आहे.